एअर रायफलचे ट्यूनिंग

दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघा ०.५ मिमी व्यासाचा असतो आणि त्यावर आदळणारा छर्रा ४.५ मिमीचा. छऱ्याची कड ठिपक्याला लागली तरी दहा गुण मिळतात. म्हणजे छऱ्याचे केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून अडीच मिमीच्या आत पडले की दहा गुण पक्के. सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण मिळवले, तेव्हा पात्रता फेरीत गुण पूर्णांकातच मोजले जात आणि त्या अडीच मिमीतला प्रत्येक दहा सारखाच धरला जाई. २०१३ पासून पात्रता फेरीतही दशांश गुण आले. आता केंद्रापासून दर ०.२५ मिमीला दशांश गुण कमी होतो आणि साठ शॉटच्या स्पर्धेत असे निसटलेले दशांशच क्रमवारी ठरवतात. रायफलीकडून पूर्वी कोणी मागितली नव्हती इतकी एकसारखी कामगिरी त्यामुळे मागितली जाऊ लागली.

ट्यूनिंगचा अर्थ वेग वाढवणे असा अनेकदा घेतला जातो आणि बहुतेक बिघाड या गैरसमजातूनच होतात. स्पर्धेच्या रायफली ०.५३ ग्रॅमच्या आसपासचा छर्रा सेकंदाला साधारण १७० ते १७५ मीटर वेगाने सोडतात. ती ऊर्जा जेमतेम ८ ज्यूल असते. हलक्या छऱ्यावर सेकंदाला ३०० मीटरचा दावा करणाऱ्या रायफली बाजारात मिळतात. पण ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो, आणि त्याच्या जवळ जाताना कमरेत बारीक असलेला डायबोलो छर्रा डळमळू लागतो. वेगाची जाहिरात करणारी रायफल आणि एकाच भोकात पाच छर्रे घालणारी रायफल या क्वचितच एक असतात. ट्यूनिंगचे काम एका शॉटचे दुसऱ्याशी असलेले अंतर कमी करण्याचे आहे. वेग किती असावा, हा प्रश्न त्यानंतरचा.

वेगातला फरक लक्ष्यावर किती दिसतो, हे आधी पाहिले म्हणजे पुढच्या सगळ्या खटाटोपाचे मोल कळते. सेकंदाला १७० मीटर वेगाचा छर्रा दहा मीटर अंतर ०.०५९ सेकंदात कापतो आणि तेवढ्या वेळात सुमारे १७ मिमी खाली येतो. वेग एक टक्का बदलला तर ही घसरण दोन टक्के बदलते, म्हणजे ०.३४ मिमी. सेकंदाला एक मीटरचा फरक लक्ष्यावर ०.२ मिमी, जवळजवळ एक दशांश गुण. चांगल्या स्थितीतल्या मॅच रायफलीत सलग शॉटमधला पसारा दोन-तीन मीटरच्या आत राहतो, त्यामुळे दहा मीटरवर वेगाचा वाटा खरा असला तरी छोटा असतो. छर्रा, बॅरल आणि नेमबाजाची पकड यांतले दोष त्याहून कितीतरी मोठी भोके पाडतात. पन्नास मीटरवर हिशेब उलटतो. सेकंदाला २४० मीटरने निघालेला छर्रा तिथे पोहोचेपर्यंत सुमारे पाव सेकंद घेतो आणि पाऊण फुटाहून जास्त घसरतो. एक टक्का वेग इकडचा तिकडे झाला तर छर्रा जवळपास अर्धा सेंटिमीटर वर किंवा खाली पडतो. लांब पल्ल्याच्या फील्ड टार्गेट प्रकारात वेगाच्या एकसारखेपणाची एवढी तळमळ असते ती म्हणूनच.

यातून निदानाची एक उपयोगी खूणही मिळते. वेगातल्या चढउताराने ग्रुप, म्हणजे एका मालिकेतल्या भोकांचा पुंजका, उभा लांबतो, आडवा नाही. छर्रे डावी-उजवीकडे पसरत असतील तर व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग यांना हात लावण्याचे कारण नसते. उभा ग्रुप मात्र वेगामुळेच झाला असे लगेच म्हणता येत नाही, कारण श्वास आणि गालाचा दाब यांचाही परिणाम उभाच दिसतो.

म्हणून मोजमापाला पर्याय नाही. क्रोनोग्राफमध्ये दोन प्रकाशझडपांमधून छर्रा जाण्याचा वेळ मोजला जातो. अलीकडे रडारवर चालणारी उपकरणेही मिळतात. प्रकाशझडपांच्या क्रोनोग्राफला चकचकीत उन्हाचा आणि ट्यूबलाइटच्या थरथरीचा त्रास होतो आणि छर्रा तिरका गेला तर आकडा चुकतो, म्हणून रायफल आणि उपकरण दोन्ही टेकू देऊन एकाच रेषेत ठेवावी लागतात. त्याहून मोठा घोटाळा आकड्यांच्या वाचनात होतो. पाच शॉट मारायचे, सर्वांत जलद आणि सर्वांत मंद यांतला फरक पाहायचा आणि स्प्रिंग सुधारली असे जाहीर करायचे, ही पद्धत फार रुळली आहे. हा पसारा शॉटच्या संख्येबरोबर आपोआप वाढतो: रायफलीत काहीही न बदलता पाच शॉटचा सरासरी पसारा प्रमाण विचलनाच्या २.३ पट असतो, दहाचा ३.१ पट आणि वीसचा ३.७ पट. दहा शॉटवरून काढलेल्या प्रमाण विचलनातही सुमारे पाव हिश्श्याची अनिश्चितता उरते. पाच शॉटची मालिका आणि वीस शॉटची मालिका यांची तुलना त्यामुळे निरर्थक ठरते. एका वेळी एकच बदल, आधी आणि नंतर किमान वीस-वीस शॉट, तोच छर्रा आणि तेच तापमान, इतके पाळले नाही तर ट्यूनिंग अंदाजपंचे होते.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक बदल छऱ्याचा असतो, आणि तो रायफल उघडण्याच्या आधी करायचा असतो. प्रत्येक बॅरलची आवड वेगळी असते. शेजारी शेजारी बनलेल्या दोन बॅरलनाही एकच छर्रा मानवेल असे नाही. छऱ्याच्या डोक्याचा व्यास साधारण ४.४९ ते ४.५२ मिमीच्या दरम्यान, शतांश मिमीच्या फरकाने निवडता येतो आणि तेवढा फरक ग्रुपमध्ये उघड दिसतो. म्हणून मोठ्या स्पर्धांचे नेमबाज रायफल शिकंज्यात घट्ट बसवून वेगवेगळ्या बॅचचे छर्रे तपासतात आणि जुळलेल्या बॅचचे डबे एकदमच घेऊन ठेवतात. डब्यावरचे नाव तेच राहते, पण साच्याची झीज आणि शिशाची घडण बॅचगणिक बदलते. वजनातला फरकही वेगात उतरतो. ऊर्जा तीच धरली तर ०.५३ ग्रॅमच्या छऱ्यात शतांश ग्रॅमचा फरक म्हणजे वजनात दोन टक्के, वेगात एक टक्का आणि दहा मीटरवर ०.३४ मिमी. चांगल्या बॅचमध्ये इतका फरक क्वचित सापडतो, म्हणून तिथे एकेक छर्रा तोलण्यापेक्षा मागचा पातळ घेर चेपला गेलेले छर्रे वेचून काढणे अधिक फळते. हवा याच घेराला फुलवून बॅरलच्या चरांत दाबते; घेर वाकडा असला तर एका बाजूने हवा निसटते आणि छर्रा बॅरलमधून बाहेर पडतानाच तिरका ढकलला जातो. छर्रे शिशाचे असल्याने हाताळल्यावर हात धुणे आणि सराव चालू असताना काही न खाणे हा नियम कोणत्याही ट्यूनिंगच्या आधीचा आहे.

बॅरलच्या बाबतीत दोन जागा निर्णायक असतात. बॅरलच्या तोंडाची कड, म्हणजे क्राउन, सर्व बाजूंनी सारखी हवी, कारण छऱ्याचा घेर सुटताना दाबाची हवा तिथूनच फुटते. एका जागी ओरखडा असेल तर प्रत्येक छऱ्याला त्याच दिशेचा धक्का बसतो. बऱ्याच चांगल्या बॅरल तोंडाजवळ शतांश मिमीच्या मापात किंचित अरुंद केलेल्या असतात. हा चोक छऱ्यांमधला बारीकसारीक फरक शेवटच्या क्षणी पुसून टाकतो. छर्रा हाताने हळू ढकलला की तोंडाशी जाणवणारा अडसर तोच. सफाईबद्दल मतभेद आहेत. शिशाचा थर फार वाढला की ग्रुप पसरतो हे खरे, पण लखलखीत पुसलेली बॅरलही पहिले काही शॉट भलतीकडे टाकते आणि पातळ थर बसल्यावरच स्थिरावते. फेल्टचे बोळे अधूनमधून मारणे, आणि सफाईनंतरचे शॉट मोजणीत न धरणे, हा मध्यम मार्ग बहुतेकांना पटतो. पितळी ब्रश बॅरलमध्ये घालणे टाळलेलेच बरे. एअर रायफलीत जळकी बारूद नसते, मग तेवढ्या घासकामाची गरज काय?

छर्रा ठरला, बॅरल ठीक निघाली आणि तरीही उभा पसारा उरला, तर मग शक्तियंत्राकडे वळावे लागते. स्प्रिंग पिस्टनची रायफल दिसायला सर्वांत साधी आणि ट्यूनिंगला सर्वांत अवघड. ट्रिगर दाबला की आवळलेली स्प्रिंग पिस्टनला पुढे लोटते, पिस्टन हवा दाबतो, ती अरुंद छिद्रातून छऱ्यामागे येते आणि छर्रा सुटतो. ब्रिटनच्या जी. व्ही. आणि जी. एम. कार्ड्यू या पितापुत्रांनी १९७०च्या दशकात या क्रियेचा बारकाईने अभ्यास केला. ऑक्सिजन नसलेल्या नायट्रोजनमध्ये रायफल चालवली तेव्हा वेग मोठ्या प्रमाणात घसरला. म्हणजे ताकदवान स्प्रिंग रायफलीत वंगणाचा सूक्ष्म अंश दर शॉटला जळतो आणि वेगात भर घालतो. वेग एकसारखा ठेवण्यातली सगळी गोम इथेच आहे. कंप्रेशन कक्षात तेलाचे प्रमाण बदलते राहिले तर ज्वलनही बदलते आणि वेग उसळतो. तेल फार झाले तर धूर, मोठा आवाज आणि प्रत्यक्ष स्फोटासारखा दाब निर्माण होतो, ज्याने सील फाटते आणि स्प्रिंग तुटते. पॉलियुरेथेनच्या सीलला तेलाची गरजच नसते. जुन्या चामडी सीलला मात्र थोडे तेल लागते. नव्या किंवा नुकत्याच वंगणलेल्या रायफलीचे पहिले काही डझन शॉट म्हणूनच भरवशाचे नसतात.

दुसरी अडचण कंपनाची. स्प्रिंग आणि तिच्या आत बसणारा गाइड यांत फट राहिली की सुटल्यावर स्प्रिंग झणझणते आणि रायफल दर वेळी थोडी वेगळी हलते. स्प्रिंगच्या आतल्या मापाला नेमका बसणारा टणक प्लॅस्टिकचा गाइड, पिस्टनच्या आत पातळ अस्तर, स्प्रिंगची टोके सपाट घासून तिच्याखाली गुळगुळीत वॉशर आणि चिकट ग्रीसचा अगदी पातळ थर, हा या रोगावरचा इलाज. वॉशर लागतो तो स्प्रिंग आवळताना आणि सुटताना स्वतःभोवती थोडी फिरते म्हणून. ग्रीस मात्र जपून लावावे लागते. जाड थर कंपन मारतो, पण हिवाळ्याच्या सकाळी घट्ट होऊन वेग खातो, आणि मग दुपारी जुळवलेला नेम, म्हणजे झीरो, सकाळी चालत नाही. पिस्टनचे वजन, स्ट्रोकची लांबी आणि छऱ्याचे वजन यांचा मेळही बसवावा लागतो. छर्रा वेळेवर सुटला नाही तर पिस्टन दाबलेल्या हवेच्या गादीवरून मागे उसळतो, फार लवकर सुटला तर कक्षाच्या टोकावर आपटतो. छर्रा न घालता स्प्रिंगची रायफल झाडू नये, असे सांगतात ते याच आपटण्यामुळे.

जड स्प्रिंग बसवून वेग वाढवण्याचा मोह इथे सर्वाधिक होतो आणि इथेच तो सर्वाधिक महागात पडतो. वाढलेल्या ऊर्जेचा मोठा भाग कंपनात आणि धक्क्यात जातो, लोड करायला जोर लागतो आणि ग्रुप फाटतो. स्प्रिंग थोडी सैल करून किंवा स्ट्रोक कमी करून मिळालेली शांत रायफल जवळजवळ नेहमीच अधिक अचूक ठरते. नवी स्प्रिंग सुरुवातीच्या काहीशे शॉटमध्ये थोडी बसते आणि वेग घटतो. त्याआधी घेतलेली मापे कागदावर ठेवण्यापुरतीच. आणखी एक साधी तपासणी हमखास विसरली जाते. बॅरल मोडून लोड होणाऱ्या रायफलीत सांध्यावर पातळ टिश्यू पेपरचा तुकडा ठेवून शॉट मारला आणि तो उडाला, तर तिथल्या सीलमधून हवा निसटते आहे. दोष कक्षात शोधण्यात अर्थ नाही. स्प्रिंगची रायफल खोलताना स्प्रिंग दाबून धरणारा शिकंजा लागतोच. आवळलेली स्प्रिंग मोकळी सुटली तर गंभीर दुखापत होते.

स्प्रिंग रायफलीत छर्रा बॅरलमध्ये असतानाच धक्का सुरू होतो: आधी मागे, मग पिस्टन थांबताना पुढे. त्यामुळे पकड हाही ट्यूनिंगचा भाग ठरतो. दस्ता आवळून न धरता, दर वेळी त्याच जागी, उघड्या तळहातावर टेकवून रायफलीला मोकळेपणी हलू दिले तर ती प्रत्येक वेळी सारखीच हलते. हा दुहेरी धक्का साध्या दुर्बिणीही खिळखिळ्या करतो, म्हणून स्प्रिंग रायफलीसाठी खास मजबूत दुर्बीण आणि तिला मागे सरकू न देणारा अटकाव लागतो.

मॅच रायफलींनी या धक्क्यातून सुटण्यासाठी अनेक वाटा शोधल्या. जर्मनीच्या डायना कंपनीने एकमेकांविरुद्ध धावणारे दोन पिस्टन बसवले, फाइनवर्कबाउने सगळी यंत्रणाच दस्त्यावर मागे सरकू दिली. नंतर एका दांड्याच्या हालचालीत हवा दाबून ठेवणाऱ्या सिंगल स्ट्रोक रायफली आल्या आणि दोन दशके गाजल्या. त्यांत दर शॉटला तेवढीच हवा भरली जात असल्याने एकसारखेपणा आपसूक येतो. मात्र दाबलेली हवा तापते आणि थांबल्यावर निवते, म्हणून लोड करणे आणि शॉट यांतला वेळ शक्यतो सारखा ठेवावा लागतो. कार्बन डायऑक्साइडच्या रायफलींचा काळ त्याच सुमाराचा. या वायूचा दाब तापमानावर लटकलेला असतो: ० अंशाला सुमारे ३५ बार, २० अंशाला सुमारे ५७ बार, आणि ३१ अंशाच्या वर तो द्रवरूपात राहतच नाही. भराभर शॉट मारले की सिलिंडर गारठतो आणि वेग पडतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात अशा रायफलीचा वेग स्थिर राखणे जवळपास अशक्य.

आजच्या स्पर्धा आधीच भरलेल्या दाबाच्या हवेवर, म्हणजे पीसीपी रायफलींवर, लढवल्या जातात. सिलिंडरमध्ये साधारण २०० बारपर्यंत हवा असते. ट्रिगरने सुटलेला हॅमर व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो आणि आतला दाबच त्याला पुन्हा बंद करतो. रेग्युलेटर नसलेल्या रायफलीत वेगाचा आलेख डोंगरासारखा येतो. पूर्ण भरलेल्या सिलिंडरचा दाब व्हॉल्व्हला पुरेसे उघडू देत नाही म्हणून सुरुवातीला वेग कमी, मग दाब उतरत जाताना व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा राहतो आणि वेग वाढत माथ्यावर स्थिरावतो, शेवटी हवाच अपुरी पडते आणि तो कोसळतो. पूर्ण भरून दाब निम्म्यावर येईपर्यंत सलग शॉट मारावेत, प्रत्येकाचा वेग आणि दाब लिहावा, माथ्यावरचा सपाट भाग शोधावा आणि पुढे तेवढ्याच दाबापर्यंत भरून तेवढ्याच दाबाला थांबावे. बरेच जण सिलिंडर काठोकाठ भरतात आणि पहिल्या वीस शॉटच्या चढाला रायफलीचा दोष समजतात. हॅमरच्या स्प्रिंगचा ताण वाढवला की हा सपाट भाग जास्त दाबाकडे सरकतो, कमी केला की खाली येतो.

रेग्युलेटर हा डोंगर सपाट करतो. डिशच्या आकाराच्या वॉशरांच्या थप्पीवर तोललेला छोटा पिस्टन ठरावीक दाबाला हवा अडवतो आणि व्हॉल्व्हसमोर नेहमी तोच दाब ठेवतो. जुळवणीची रूढ पद्धत अशी: रेग्युलेटरचा दाब कायम ठेवून हॅमर स्प्रिंग टप्प्याटप्प्याने घट्ट करावी, वेग वाढेनासा झाला की तिथे थांबावे आणि मग स्प्रिंग सैल करत त्या कमाल वेगाच्या ९५ ते ९७ टक्क्यांवर यावे. त्या जागी हॅमरच्या ठोक्यात थोडा फरक पडला तरी वेग फारसा हलत नाही आणि हवाही वाया जात नाही. त्याच्याही खाली गेले तर रायफल हॅमरच्या प्रत्येक लहरीवर नाचते. कमाल वेगाच्या पुढे स्प्रिंग आवळत राहिले तर हवा खर्च होते, वेग वाढत नाही. वेगळा वेग हवा असेल तर आधी रेग्युलेटरचा दाब बदलायचा आणि ही सगळी जुळवणी पुन्हा करायची. नुसती हॅमर स्प्रिंग पिळून वेग गाठण्याची सवय चुकीची आहे.

रेग्युलेटरचा ठरलेला आजार म्हणजे सरकणारा दाब. आतली बैठक झिजली किंवा तिच्यावर कण अडकला की रायफल स्वस्थ असताना हवा हळूहळू झिरपते, व्हॉल्व्हसमोरचा दाब चढतो आणि विश्रांतीनंतरचा पहिला शॉट वेगळा जातो. पाच शॉट मारून दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि पुढचा शॉट मोजावा. तो सतत वर गेला तर बैठक आणि ओ-रिंग पाहाव्या लागतात. या भागांना पेट्रोलियम तेल कधीच लावू नये, कारण जास्त दाबात ते पेट घेऊ शकते. सिलिकॉनचे वंगण वापरतात. सिलिंडरमध्ये हवेऐवजी ऑक्सिजन भरणे तर जिवाशी खेळ आहे.

उरलेले काम छोटे, पण वगळता न येणारे. दस्त्याचे स्क्रू दर वेळी त्याच जोराने आवळलेले हवेत. स्प्रिंग रायफलीत ते आपणहून सैल होतात आणि अचानक पसरलेल्या ग्रुपचे कारण बहुतेकदा तेच निघते. दुर्बिणीत पॅरॅलॅक्स त्या अंतराला जुळवलेला नसेल तर डोळा किंचित हलला तरी नेम हलतो. ट्रिगरचा पहिला टप्पा आणि सुटण्याची जागा दर वेळी नेमकी तीच आली पाहिजे. तो हलका असणे हे त्यानंतरचे. हॅमरला अडवणारा भाग झिजला असेल तर ठोकाही बदलतो आणि ट्रिगरचा दोष वेगात दिसू लागतो.

हवामानाचा विचार महाराष्ट्रात वेगळाच करावा लागतो. पावसाळ्यात मुंबई-कोकणातल्या दमट हवेत हातपंपाने सिलिंडर भरला तर दाबलेल्या हवेतले पाणी आत साठते, व्हॉल्व्ह गंजतो आणि वेग भटकू लागतो. सिलिका जेलचा फिल्टर, मधूनमधून पंप थांबवून निवू देणे आणि पाणी सोडून देणे ही कामे तिथे ऐच्छिक नाहीत. उष्णतेचा धोका वेगळा: १० अंशाला २०० बार भरलेला सिलिंडर ४५ अंशाला सुमारे २२५ बारवर जातो, म्हणून तो उन्हातल्या गाडीत ठेवू नये. स्पर्धेत सिलिंडरची वैधता कमाल दहा वर्षांची धरली जाते आणि मुदत तपासण्याची जबाबदारी नेमबाजाची असते.

कायद्याची मर्यादाही ट्यूनिंगच्या हिशेबात येते. भारतात २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिमी कॅलिबरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, ०.५३ ग्रॅमच्या छऱ्याला ही हद्द सेकंदाला सुमारे २७५ मीटरवर लागते. जर्मनीत मुक्त विक्रीची हद्द ७.५ ज्यूल आहे, इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १६.३ ज्यूल. मर्यादेजवळ जुळवलेली रायफल तापमान वाढल्यावर किंवा वेगळ्या वजनाचा छर्रा घातल्यावर ती ओलांडू शकते, म्हणून मोजणी रायफलीत वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक छऱ्याने आणि उन्हाळ्याच्या तापमानातही करून हद्दीखाली पुरेसे अंतर ठेवावे लागते.